गाव नसलेला पत्ता

सातारा, कोल्हापूर किंवा रत्नागिरी जिल्ह्यातल्या कुठल्याही पोस्ट ऑफिसात विचारा, एक पत्ता सगळ्यांच्या ओळखीचा निघेल. आधी जवानाचा नंबर, हुद्दा आणि नाव, मग पलटण, आणि शेवटी ‘मार्फत ५६ एपीओ’ किंवा ‘मार्फत ९९ एपीओ’. एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. त्यात गाव नाही, तालुका नाही, राज्यही नाही. मुलगा लडाखच्या बर्फात आहे की राजस्थानच्या वाळूत, हे पत्र लिहिणाऱ्या आईला ठाऊक नसलं तरी काही अडत नाही. पत्र बरोबर पोहोचतं.

आपल्या नेहमीच्या टपालाचा सगळा कारभार जागेवर चालतो. घर हलत नाही, म्हणून पोस्टमन चुकत नाही. सैन्याच्या टपालात घर नसतंच. ज्याला पत्र द्यायचं तो आज या ठाण्यावर असतो, उद्या दुसऱ्या आघाडीवर आणि परवा कदाचित इस्पितळात. शिवाय तो कुठे आहे हे शत्रूला कळू द्यायचं नसतं. म्हणजे पत्र लवकर पोहोचवायचं, पण त्यातून बातमी फुटू द्यायची नाही, अशी दोन कामं या खात्यावर येतात. ही दोन कामं एकमेकांना सतत आडवी जातात, आणि सैन्याच्या टपालाचा दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास हा या ओढाताणीचाच इतिहास आहे.

बुशहरच्या किनाऱ्यावर

शिपायाला स्वस्तात पत्र पाठवता यावं, ही कल्पना तशी जुनी आहे. ब्रिटिश पार्लमेंटने १७९५ साली कायदा करून सैनिकांना आणि खलाशांना एका पेनीत पत्र पाठवण्याची सवलत दिली. मात्र पलटणीबरोबर पोस्ट ऑफिसच रवाना करायचं, ही पद्धत भारतात रुजली ती १८५६च्या इराण मोहिमेपासून. त्या वर्षी मुंबईहून निघालेली फौज इराणच्या आखातातल्या बुशहर बंदरावर उतरली, आणि तिच्याबरोबर एक फिरतं टपाल कार्यालयही गेलं. भारतीय सैन्याच्या टपाल सेवेचा आरंभ याच मोहिमेपासून मोजतात.

त्यानंतर ॲबिसिनिया, अफगाणिस्तान, इजिप्त, चीन अशा जवळजवळ प्रत्येक मोठ्या मोहिमेत भारतीय टपाल खात्याची माणसं फौजेमागे गेली. ती पेशाने शिपाई नव्हती. मुलकी खात्यातले कारकून, सॉर्टर आणि पोस्टमास्तर गणवेश चढवून तंबूत टेबल मांडत. पत्रांची थैली फोडणं, शिक्के मारणं, तिकिटं विकणं, मनीऑर्डर घेणं ही गावात करायची सगळी कामं ते तिथेही करत. १९००च्या चीन मोहिमेत भारतीय तिकिटांवर ‘सी. ई. एफ.’ आणि १९१४च्या महायुद्धात ‘आय. ई. एफ.’ अशी अक्षरं छापून ती वापरली गेली. पहिली चीनमध्ये गेलेल्या फौजेची खूण, दुसरी परदेशी धाडलेल्या भारतीय फौजेची. संग्राहक आजही ही तिकिटं शोधत असतात.

आठवड्याला १ कोटी २० लाख पत्रं

पहिल्या महायुद्धाने या कामाचा आवाकाच बदलून टाकला. लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये सुमारे पाच एकरांवर एक प्रचंड लाकडी शेड उभारली गेली. आघाडीवर जाणाऱ्या ब्रिटिश टपालाची छाननी तिथे होई. अडीच हजारांच्या आसपास माणसं काम करत, त्यांत बहुतेक स्त्रिया. कारण पुरुष सॉर्टर स्वतःच लढाईवर गेले होते. ऐन भरात तिथून आठवड्याला सुमारे १ कोटी २० लाख पत्रं जात. सबंध युद्धाचा हिशेब सुमारे दोनशे कोटी पत्रं आणि ११ कोटी ४० लाख पार्सलं असा सांगतात. पत्रांचे गठ्ठे पलटणीवार बांधले जात. पलटण कुठे हलली याची खबर युद्ध खात्याकडून येत राही, त्यामुळे इंग्लंडमध्ये टाकलेलं पत्र साधारण दोन दिवसांत फ्रान्समधल्या खंदकात पोहोचू शके.

पत्रं आघाडीकडे नेणं त्यातल्या त्यात सोपं होतं. खरी अडचण परतीच्या पत्रांत होती. प्रत्येक पत्र पलटणीतल्या अधिकाऱ्याने वाचायचं, नावं-गावं खोडायची आणि कोपऱ्यात सही करायची, असा नियम होता. रात्रभर खंदकात जागलेल्या तरुण अधिकाऱ्यापुढे सकाळी पत्रांचा ढीग येई. त्यावर उपाय म्हणून १९१४च्या अखेरीस छापील ‘फील्ड सर्व्हिस पोस्टकार्ड’ निघालं. ‘मी ठीक आहे’, ‘मला इस्पितळात दाखल केलं आहे’, ‘तुझं पत्र मिळालं’ अशी वाक्यं त्यावर आधीच छापलेली असत. नको ती वाक्यं खोडायची आणि खाली सही व तारीख घालायची. याखेरीज एक अक्षर जादा लिहिलं, तर कार्ड नष्ट केलं जाई. १९१५पासून हिरवी पाकिटंही मिळू लागली. त्यातलं पत्र पलटणीत वाचलं जात नसे. आत केवळ घरगुती मजकूर आहे असं शिपायाने सही करून सांगायचं. मागच्या तळावर मात्र ती पाकिटंही अधूनमधून फोडली जात. ज्या अधिकाऱ्याला रोज तोंड दाखवायचं, त्यानेच आपलं बायकोला लिहिलेलं पत्र वाचायचं, या संकोचातून तेवढी सुटका झाली.

बुलोनमधली कचेरी

भारतीय शिपायांच्या पत्रांची कथा याहून गुंतागुंतीची आहे. १९१४च्या सप्टेंबरअखेरीस लाहोर आणि मागोमाग मीरत डिव्हिजनच्या तुकड्या मार्सेय बंदरात उतरू लागल्या. युद्धकाळात फ्रान्समध्ये गेलेल्या भारतीयांची संख्या, लढणारे आणि मजूर मिळून, सुमारे १ लाख ३८ हजार होती. १९१५च्या मार्चपर्यंत हे लोक आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रं लिहू लागले होते. उर्दू, गुरुमुखी, हिंदी आणि काही मराठीही. बहुतेक ब्रिटिश अधिकाऱ्यांना या लिप्या वाचता येत नव्हत्या. पलटणीतली तपासणी त्यामुळे नावापुरतीच राहिली.

सरकारला पहिली धास्ती होती ती बाहेरून येणाऱ्या टपालाची. अमेरिकेतून निघणारं ‘गदर’ हे ब्रिटिशविरोधी वृत्तपत्र आणि त्यासारखी पत्रकं छावणीत शिरतील, अशी भीती होती. म्हणून फ्रान्समध्ये भारतीय टपालासाठी वेगळी सेन्सॉर कचेरी स्थापन झाली आणि पुढे ती बुलोनला स्थिरावली. तिचे प्रमुख होते कॅप्टन ई. बी. हॉवेल, हिंदुस्थानातल्या सनदी सेवेतले अधिकारी. त्यांच्या हाताखालची माणसं मूठभर. एवढी पत्रं वाचणं अशक्यच, म्हणून थैल्यांतून काही पत्रं उचलायची, त्यांचे उतारे इंग्रजीत करायचे आणि शंभरेक उताऱ्यांचा अहवाल दर आठवड्याला वर पाठवायचा, असा क्रम ठरला. आलेली पत्रं बघता बघता गेलेली पत्रंही बघितली जाऊ लागली.

हॉवेल यांनी फारशी पत्रं अडवली नाहीत. पत्रं गायब होऊ लागली तर घरी संशय येईल आणि शिपाई मनातलं लिहिणं थांबवतील, हे त्यांना कळत होतं. त्यांना फौजेची नाडी हवी होती. १९१५च्या आरंभी त्यांनी एक गमतीची नोंद केली. जखमी शिपाई पत्रात कविता करू लागले आहेत आणि हे काही चांगलं लक्षण वाटत नाही, अशा आशयाची. मनाची घालमेल वाढली की माणूस पद्याकडे वळतो, असं त्यांचं निदान होतं.

पत्र वाचलं जातं हे शिपायांना चांगलं ठाऊक होतं. तेही कमी नव्हते. एका पत्रात मसाल्याची भाषा आहे. काळी मिरी संपत आली आहे, आता लाल मिरची वापरताहेत, पण तिला काळीची सर नाही, असं लिहून पुढे ‘तुम्ही शहाणे आहात, समजून घ्या’ असा इशारा दिलेला. काळी मिरी म्हणजे हिंदी फौज आणि लाल मिरची म्हणजे गोरी, हे कळायला सेन्सॉरला वेळ लागला नाही. तरी पत्र लिहिणाऱ्याचं सांगून झालंच होतं. भावाला किंवा भाच्याला भरती होऊ देऊ नका, असंही आडून आडून लिहिलेलं सापडतं.

ही पत्रं वाचताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. बरेचसे शिपाई निरक्षर होते. पत्र सांगायचं एकाने, लिहायचं दुसऱ्याने, आणि गावात ते वाचून दाखवायचं तिसऱ्याने. तेही ओसरीवर जमलेल्या चार लोकांसमोर. म्हणजे सेन्सॉरच्या आधीच त्या पत्राला दोन-तीन कान लागलेले असत. त्यामुळे मायना लांबलचक, घरच्या सगळ्यांची नावानिशी खुशाली, आणि मनातलं दुःख अखेरीस एखाद्या ओळीत. तरी त्या चौकटीतूनही फ्रान्सचा पाऊस आणि चिखल, तोफांचा मारा, ज्या घरी मुक्काम झाला त्या फ्रेंच म्हातारीची माया आणि तिथल्या शिकलेल्या मुलींचं कौतुक असं पुष्कळ काही कळतं. आपल्याकडच्या मुलींनाही शाळेत घाला, असं आवर्जून कळवणारे शिपाई होते.

यातला उलटा न्याय असा की, मूळ पत्रं गावोगाव वाळवीने आणि पावसाने संपवली. उरले ते पाळत ठेवण्यासाठी केलेले उतारे. ते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. इतिहासकार डेव्हिड ओमिसी यांनी १९९९ साली त्यातून निवडक पत्रांचा संग्रह प्रसिद्ध केला. पण आपल्यापर्यंत आलेली ही पत्रं सेन्सॉरने निवडलेली, तोडलेली आणि इंग्रजीत आणलेली आहेत. शिपायाचा शब्द त्यात बहुतेक हरवला, आशय राहिला.

बगदादच्या वाटेवर

मराठी माणसाचा या महायुद्धाशी सर्वांत मोठा संबंध आला तो मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. सहावी पूना डिव्हिजन मुंबईहून तिकडे गेली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. टपाल मुंबईच्या धक्क्यावरून बोटीने बसऱ्याला जाई आणि पुढे तैग्रिस नदीतून वर. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ अशा कुतच्या तुर्की वेढ्यात ही डिव्हिजन अडकली आणि अखेर तिला शरण जावं लागलं. घरच्यांच्या दृष्टीने वेढा म्हणजे पत्र बंद. पुढे कैदेतल्या माणसाची पत्रं ही तर निराळीच बाब. १९०७च्या हेग करारानुसार युद्धकैद्यांच्या टपालाला तिकीट लागत नसे, आणि जिनिव्हातली रेड क्रॉसची संस्था कैद्यांची माहिती जमवून कळवत असे. पण कागदावरचा नियम आणि वाळवंटातली छावणी यांत फार अंतर होतं.

या आघाडीवर भारतीय टपाल खात्याने केवळ फौजेचं काम केलं नाही. बगदाद पडल्यावर तिथला मुलकी टपाल कारभारही त्याच्याकडेच आला. तुर्की तिकिटांवर ब्रिटिश ताब्याची अक्षरं छापून ती चालवली गेली. या टपालाचा एक दूरचा धागा आपल्या घरापर्यंत येतो. इराकच्या टपाल खात्यातले अधिकारी डग्लस गम्बली यांनी १९३३ साली हवाई टपालासाठी हलक्या कागदाचं, घडी घालून चिकटवायचं पत्र काढलं. वेगळ्या पाकिटाची गरजच नाही. १९४१मध्ये मध्यपूर्वेतल्या ब्रिटिश फौजेने तीच रीत उचलली, आणि युद्धानंतर ती जगभर पसरली. आपलं निळं अंतर्देशीय पत्र याच घराण्यातलं.

मनीऑर्डरचा उल्लेख इथे केलाच पाहिजे. भारतीय फिरत्या टपाल कचेऱ्यांत पत्रांच्या बरोबरीने पैशांचा व्यवहार चाले. कोकणातल्या आणि सातारा भागातल्या कितीतरी घरांना लढाई सुरू आहे हे कळे ते मनीऑर्डरीवरून, आणि माणूस जिवंत आहे हेही. कूपनावर जेमतेम दोन ओळींची जागा. पण पत्र न लिहिणाऱ्या माणसाची तेवढीच खुशाली.

फिल्मवरची पत्रं

दुसऱ्या महायुद्धात अंतरं वाढली आणि विमानात जागा कमी पडू लागली. भूमध्य समुद्र धोक्याचा झाल्याने इजिप्तमधल्या फौजेची पत्रं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि महिने लागू लागले. म्हणून १९४१च्या एप्रिलमध्ये कैरोहून ‘एअरग्राफ’ सुरू झालं. शिपायाने ठरावीक कागदावर पत्र लिहायचं, त्याचं कोडॅकच्या यंत्रावर छोट्या फिल्मवर छायाचित्र घ्यायचं, फिल्मचं रीळ विमानाने पाठवायचं आणि पोहोचल्यावर त्यावरून कागदावर प्रत काढून वाटायची. विमान पडलं तरी मूळ कागद मागे शिल्लक, त्यामुळे पुन्हा फिल्म काढता येई. अमेरिकेने १९४२च्या जूनमध्ये ‘व्ही-मेल’ नावाने हेच केलं. दीड लाख पत्रांना एरवी ३७ थैल्या लागत. फिल्मवर ती एका थैलीत मावत.

यंत्र आलं तरी पत्त्याची अडचण माणसांनीच सोडवली. १९४५च्या फेब्रुवारीत अमेरिकी सैन्याची ६८८८वी टपाल बटालियन इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला पोहोचली, तेव्हा तिथे सुमारे १ कोटी ७० लाख पत्रं आणि पार्सलं तुंबून पडली होती. बटालियनमध्ये ८५५ स्त्रिया होत्या, बहुतेक सगळ्या कृष्णवर्णीय. प्रमुख होत्या मेजर चॅरिटी ॲडम्स. या स्त्रियांनी सुमारे सत्तर लाख माहितीपत्रांची जुळणी केली. एकट्या रॉबर्ट स्मिथ नावाचेच साडेसात हजारांच्या आसपास सैनिक निघाले. त्यांतला आपला कोणता, हे सैनिकी क्रमांकावरून ठरवायचं. तीन पाळ्यांत काम करून सहा महिन्यांचं काम त्यांनी तीन महिन्यांत उरकलं. टपाल आलं नाही की फौजेचा धीर खचतो, हेच त्यांचं ब्रीद होतं.

याच युद्धात मध्यपूर्वेतल्या भारतीय फौजेच्या पत्रांचेही अहवाल तयार होत. १९४३मध्ये त्यांतून एक वेगळा सूर उमटू लागला. शिपायांना घरून येणाऱ्या पत्रांत धान्याचे भाव, टंचाई आणि उपासमार होती. बंगालच्या दुष्काळाची झळ तिथे पत्रांतून पोहोचली. शिपाई लिहीत होते की आम्ही इथे पोटभर जेवतो आणि घरची माणसं उपाशी आहेत, या विचाराने घास उतरत नाही. आघाडीवरची गुपितं घरी जाऊ नयेत म्हणून उभारलेल्या यंत्रणेला कळलं की घरची दुःखं आघाडीवर येण्यापासून रोखता येत नाहीत.

देवनागरी शिक्के आणि कामठी

स्वातंत्र्यानंतर भारतीय फौजा शांतिरक्षणासाठी परदेशी गेल्या. १९५३मध्ये कोरियाला गेलेल्या भारतीय दलासाठी आपल्या तिकिटांवर देवनागरीत ‘भारतीय संरक्षा कटक कोरिया’ असं छापलं गेलं. पुढच्या वर्षी व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडियासाठीही देवनागरी अक्षरं आली. साहेबाच्या ‘सी. ई. एफ.’नंतरचा हा बदल तिकिटाएवढ्या जागेतला, तरी ठळक आहे.

१ मार्च १९७२ रोजी आर्मी पोस्टल सर्व्हिस कोर हे स्वतंत्र दल झालं. त्याआधी ही सेवा आर्मी सर्व्हिस कोरच्या छत्राखाली होती. या दलाचं प्रशिक्षण केंद्र आपल्या नागपूरजवळ कामठीला आहे. दलातली बरीचशी माणसं आजही टपाल खात्यातून प्रतिनियुक्तीवर येतात, म्हणजे १८५६ची रीत मोडलेली नाही. दल स्वतंत्र झालं त्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९७२ रोजी, देशात पिन कोड आला. त्याची आखणी केली संस्कृत कवी आणि टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. पिनचा पहिला आकडा देशातला विभाग सांगतो. १ ते ८ हे भूभागांचे, आणि ९ हा सैन्याच्या टपालाचा. देशाच्या नकाशावर जागा नसलेल्या पत्त्याला असं हक्काचं स्थान मिळालं.

‘५६ एपीओ’ आणि ‘९९ एपीओ’ ही ठिकाणं नव्हेत. ५६चं टपाल दिल्लीच्या मुख्य तळावर जमतं आणि ९९चं कोलकात्याच्या. ढोबळमानाने पहिला पश्चिम आणि उत्तर सरहद्दीसाठी, दुसरा पूर्वेसाठी. कोणती पलटण आज कोणत्या फिरत्या कचेरीशी जोडलेली आहे, हे तळाला ठाऊक असतं. पलटण हलली की तळावरची नोंद बदलते. घरचा पत्ता तोच राहतो.

पाकीट हाही पुरावा

टपालाचा इतिहास अभ्यासणाऱ्यांना पत्राइतकंच पाकीट मोलाचं वाटतं. फिरत्या कचेरीच्या शिक्क्यावर नाव नसतं, क्रमांक आणि तारीख असते. तो क्रमांक त्या दिवशी कुठे होता, हे पलटणीच्या युद्धरोजनिशीशी ताडून काढता येतं. सेन्सॉरचा शिक्का, कोपऱ्यातली अधिकाऱ्याची सही, पत्र दुसऱ्या ठिकाणी वळवल्याच्या खुणा आणि गावच्या पोस्टाचा पोहोचल्याचा ठसा एकत्र वाचले की एका माणसाचा प्रवास उभा राहतो. लष्कराने जे लपवलं, ते शंभर वर्षांनी पाकीट सांगतं.

म्हणून ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबा फौजेत होते, त्यांना एवढंच सांगणं आहे. ट्रंकेतली पत्रं आणि मनीऑर्डरची कूपनं एकदा बघा. तिकिटासाठी पाकीट कापू नका, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. पत्र आणि पाकीट एकत्र ठेवा. दोन्ही बाजूंची छायाचित्रं काढा. पत्रातली माणसं कोण, हे घरातली वडीलधारी आहेत तोवर विचारून लिहून ठेवा. मजकूर मोडीत असेल तर जाणकाराकडून वाचून घ्या. सेन्सॉरच्या कचेरीने आपल्या शिपायांचं बोलणं इंग्रजीत आणि तुकड्यांत जपलं. त्यांच्याच मराठीत, अखंड असं जे काही उरलं असेल, ते फक्त आपल्या घरांत आहे आणि ते सांभाळणं आपल्याकडेच आहे.